जुना डेस्कटॉप मोडीत काढायचा की सुधारायचा? ४के नमनाचं एडिटिंग, रायझन २६०० आणि शिमग्याची मुदत

नमनवेडा | १४ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. मी संगमेश्वर तालुक्यात राहतो, शाळेत शिक्षक आहे. गेली सात-आठ वर्षं आमच्या पंचक्रोशीतली नमनं (कोकणातलं लोकनाट्य) रेकॉर्ड करतो आहे. आधी हँडीकॅमवर करायचो, आता मोबाईलवर ४केमध्ये. गण, गौळण, संकासूर असं करत नमन रात्रभर चालतं, त्यामुळे एका रात्रीचं फुटेज शंभर जीबीच्या वर जातं. यातले दोन मृदंगवादक आता हयात नाहीत. त्यांचा हात फक्त या फायलींमध्ये ऐकायला मिळतो, म्हणून हे काम मला नीट करायचं आहे.

मशीन २०१९ साली घेतलं. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक, १ टीबी हार्ड डिस्क, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक कार्ड आणि कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). विंडोज १०. एडिटिंगला दा विंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरतो.

रिझॉल्व्ह उघडायलाच पाच मिनिटं लागतात. टाइमलाइन अडखळते, दोन क्लिप एकावर एक ठेवल्या की जीपीयूची (ग्राफिक कार्डाची) मेमरी भरल्याचा संदेश येतो. त्यात १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा सपोर्ट संपला. जवळच्या शहरात एका दुकानात मशीन दाखवलं. ते म्हणाले, "हे विंडोज ११ला चालत नाही, मोडीत काढा," आणि नवीन मशीनचं नव्वद हजारांचं कोटेशन हातात दिलं. माझ्याकडे ३५ हजार आहेत, फार ओढलं तर ४०. मार्चमध्ये शिमगा आहे, त्याआधी मशीन हाताशी हवं. काय करू?

खटपट्या | १४ डिसेंबर २०२५

सर, आधी एक विनंती. तपासणी होईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

रिझॉल्व्ह सुरू करा, नेहमी अडखळणारी टाइमलाइन चालवा आणि शेजारी टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स टॅब उघडा ठेवा. चार गोष्टी कागदावर लिहा: सीपीयू किती टक्के, रॅम किती भरली, डिस्क किती टक्के आणि जीपीयूची डेडिकेटेड मेमरी किती. घाईच्या वेळी माणूस डोळ्यांत भरेल ते विकत घेतो, म्हणजे बहुतेक वेळा प्रोसेसर, आणि मशीन अडतं भलतीकडेच.

आणखी दोन कामं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, ते डिस्कची तब्येत सांगतं. आणि कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसवरचं लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरात किती वॉट लिहिलेत ते सोडून द्या, +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते मला सांगा.

लॅमिंग्टनवाला | १४ डिसेंबर २०२५

माझं मत वेगळं आहे. एएम४ सॉकेटचा, म्हणजे तुमचा प्रोसेसर ज्यात बसतो त्या खाचेचा, रस्ता संपत आला. सहा वर्षांच्या बोर्डात पैसे घालायचे आणि दोन वर्षांनी पुन्हा तेच रडगाणं, त्यापेक्षा एएम५ घ्या. सॉकेट नवीन आहे, डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) आहे, पुढे फक्त प्रोसेसर बदलला तरी भागेल. सर थोडं थांबून पैसे जमवू शकत असतील तर तेच शहाणपणाचं. आणि घेताना मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात स्वतः या. चार दुकानं फिरल्याशिवाय भाव कळत नाही.

पंचगंगा | १५ डिसेंबर २०२५

लॅमिंग्टनवाला दादा, तुमचं म्हणणं वर्षभरापूर्वी मी मान्य केलं असतं. आज नाही. रॅमचे भाव बघितलेत का गेल्या दोन महिन्यांत? मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. मायक्रॉनने तर ३ डिसेंबरला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी उन्हाळ्यात घेतलेल्या डीडीआर५ किटचा आजचा भाव दुपटीच्या वर आहे. अशा वेळी हातात चालता डीडीआर४चा बोर्ड असताना तो सोडून डीडीआर५कडे जाणं म्हणजे सरांचं अर्धं बजेट नुसत्या रॅममध्ये घालणं.

शिवाय बी४५० बोर्ड अजून संपलेला नाही. बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला की रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसर त्यात बसतात. गरज पडली तर पुढे त्यातला रायझन ५ ५६०० टाकता येईल, बाकी काही न बदलता.

आणि नमनवेडा सर, त्या दुकानाने सांगितलेली विंडोज ११ची गोष्ट चुकीची आहे. रायझन ५ २६०० मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे. पहिल्या पिढीचा १६०० असता तर अडचण होती. तुमच्या बोर्डात एफटीपीएम (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) बहुतेक बंद असेल, म्हणून तपासणीत लाल फुली येते. सविस्तर नंतर लिहिते, आधी खटपट्यांनी सांगितलेले आकडे येऊ देत.

नमनवेडा | १५ डिसेंबर २०२५

काल रात्री बसून सगळं लिहून घेतलं.

सीपीयू ३५ ते ४० टक्के. रॅम ७.९ पैकी ७.६ जीबी भरलेली. डिस्क सतत १०० टक्के, पण वेग मात्र सेकंदाला ८ ते १५ एमबी. जीपीयू मेमरी ४ पैकी ३.८.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हार्ड डिस्कपुढे पिवळा रंग आणि "कॉशन" असं येतंय. सी५ नावाच्या ओळीपुढेही पिवळा ठिपका आहे. याचा अर्थ काय?

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट. +१२ व्होल्टखाली १४ अँपिअर.

खटपट्या | १५ डिसेंबर २०२५

सर, अपग्रेड राहू दे बाजूला. हे वाचल्याबरोबर रिझॉल्व्ह बंद करा आणि त्या डिस्कवर काहीही नवीन लिहू नका.

सी५ म्हणजे डिस्कला नीट वाचता न आलेले, पुढे काय करायचं याचा निर्णय बाकी असलेले सेक्टर. ती संख्या शून्य असायला हवी. एकदा वाढायला लागली की डिस्क वर्षभर चालेल की उद्या सकाळी बंद पडेल, हे कुणी सांगू शकत नाही. डीफ्रॅग करू नका, चेकडिस्क लावू नका. दोन्हीमुळे आजारी डिस्कला उगाच पळापळ करावी लागते.

आजच एक बाहेरची हार्ड डिस्क आणा. कॉपी करताना क्रम महत्त्वाचा: जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते पहिल्यांदा. त्या दोन मृदंगवादकांची फुटेज सगळ्यात आधी. मग बाकीची नमनं, मग शाळेचं, मग घरचे फोटो. सॉफ्टवेअरं, विंडोज, सिनेमे यांना हात लावू नका, ते कुठूनही परत मिळतं. एखादी फाईल अडकली तर तिच्याशी झगडत बसू नका, ती सोडून पुढची घ्या आणि अडलेल्या शेवटी बघा.

आणि कॉपी झाली म्हणजे संपलं असं समजू नका. अशा कामाच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. बहिणीकडे ठेवा, शाळेच्या कपाटात ठेवा, पण घराबाहेर.

एसएमपीएसचं गणित उद्या करू. तुम्ही आता कॉपी सुरू करा.

कोकणकडा | १५ डिसेंबर २०२५

चिपळूणचा आहे. २०२१च्या जुलैमधल्या पुरात माझा डेस्कटॉप आणि त्याच्या शेजारी ठेवलेली बॅकअपची डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात गेली. घराबाहेरच्या प्रतीचं जे सांगितलंय ते ऐका सर.

पंचगंगा | १६ डिसेंबर २०२५

कॉपी चालू आहे तोवर विंडोज ११चं लिहून ठेवते, म्हणजे नंतर धागा शोधत येणाऱ्यांनाही उपयोग होईल.

विंडोज आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाईप करा. टीपीएम सापडत नाही असं आलं तर बायॉसमध्ये जाऊन एफटीपीएम सुरू करायचा. एएमडीच्या बोर्डांवर तो प्रोसेसरमध्येच असतो, वेगळा चिप घ्यावा लागत नाही. काही दुकानदार हजार-दीड हजाराचं मॉड्यूल गळ्यात मारतात, ते घेऊ नका.

दुसरी अट सिक्युअर बूटची. त्यासाठी बायॉसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करावं लागतं, आणि इथे लोक फसतात. जुनं विंडोज एमबीआर या जुन्या विभागणीच्या पद्धतीच्या डिस्कवर टाकलेलं असेल तर सीएसएम बंद केल्याबरोबर मशीन बूटच होत नाही, आणि माणसाला वाटतं बोर्ड गेला. घाबरायचं नाही, सीएसएम परत सुरू केलं की सगळं जागेवर येतं. डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची करायला विंडोज १०मध्येच एमबीआर२जीपीटी ही कमांड आहे. पण सर, तुमच्या आजारी डिस्कवर हा प्रयोग नको. तुम्ही नवीन एसएसडीवर थेट विंडोज ११ टाका, ती डिस्क पहिल्यापासून जीपीटीच होईल.

बायॉस मात्र आधी अपडेट करा. २०२२च्या आधीच्या बऱ्याच बायॉसमध्ये एफटीपीएम चालू केला की मशीन मध्येच एक-दोन सेकंद गोठायचं, आवाजही तुटायचा. एजीसा (बायॉसमधला एएमडीचा कोड) १.२.०.७ आणि त्यानंतरच्या बायॉसमध्ये ते दुरुस्त झालं. पेन ड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा, फाईल बोर्डाच्या अचूक मॉडेलचीच घ्या, रिव्हिजन नंबरसुद्धा जुळवा. आणि यूपीएसची बॅटरी खात्रीची असल्याशिवाय सुरुवात करू नका. बायॉस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो.

खटपट्या | १६ डिसेंबर २०२५

आता एसएमपीएस. १२ गुणिले १४ म्हणजे १६८. तुमच्या ४५० वॉटच्या डब्यातून प्रोसेसरला आणि ग्राफिक कार्डाला मिळून खरी मिळणारी ताकद एवढीच, आणि तीही लेबल खरं असेल तर. आजवर भागलं, कारण २६०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर आणि १०५० टीआय ७५ वॉटचं कार्ड. यापेक्षा मोठं कार्ड यावर लावलं तर ते रेंडर करताना मशीन धाडकन बंद पडेल, किंवा एसएमपीएस जाताना सोबत बोर्डही घेऊन जाईल.

चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ४५ अँपिअरच्या आसपास लिहिलेलं असतं. गुणाकार करून बघा, जवळजवळ सगळे वॉट तिथेच आहेत. हातात घेतलं तरी फरक कळतो, तुमचं जुनं युनिट रिकाम्या डब्यासारखं हलकं लागेल. ८० प्लस ब्राँझ, पाच वर्षांची वॉरंटी, हे किमान बघा. या एका वस्तूवर घासाघीस करून हलकं मॉडेल घेऊ नका, बाकी सगळं तिच्या भरवशावर चालतं.

लॅमिंग्टनवाला | १६ डिसेंबर २०२५

रॅमच्या भावाबद्दल पंचगंगाताई बरोबर आहेत. काल तीन दुकानांत विचारलं, तिन्हीकडे सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नाही असं सांगितलं. एएम५चा सल्ला मागे घेतो.

सर, मग रॅमचं असं करा. नवीन ३२ जीबीचं किट आत्ता घेऊच नका. तुमच्याकडे ८ची एक स्टिक आहे, तशीच दुसरी ८ची सेकंडहँड शोधा. ऑफिसं जुनी मशीन काढतात, त्यातून अशा स्टिक भरपूर निघतात. वेग वेगळा असला तरी चालेल, दोन्ही कमी वेगावर मिळून चालतात. १६ जीबी तर होईलच, पण रॅम एकेरीऐवजी जोडीने चालेल, आणि रायझनला त्याचा चांगला फायदा होतो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. घरी आणल्यावर एक पूर्ण रात्र मेमटेस्ट८६ लावा. एक जरी एरर आली तरी परत करा, आणि हे विकणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा.

ठाणेकर_८२ | १७ डिसेंबर २०२५

एसएसडीबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण माझं काम व्हिडिओचंच आहे. बॉक्सवरचा वेग बघून घेऊ नका. बी४५०वर एसएसडी बसवायचा एम.२ स्लॉट तिसऱ्या पिढीचा आहे, सेकंदाला साडेतीन हजार एमबीच्या वर काही जाणार नाही, त्यामुळे पाचव्या पिढीच्या महागड्या एसएसडीचा तुम्हाला उपयोग नाही.

बघायचं ते हे, की आतली मेमरी टीएलसी आहे की क्यूएलसी. स्वस्त क्यूएलसी एसएसडी पहिले काही जीबी झरझर लिहितात, मग त्यांची कॅश भरते आणि वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो. रोजच्या वापरात हे कधी जाणवणारही नाही. पण तुम्ही एका रात्रीचं शंभर जीबी फुटेज एकदम ओतणार, म्हणजे तुम्हाला ते दर वेळी जाणवेल. टीएलसीच घ्या, १ टीबी पुरे. त्यावर विंडोज, रिझॉल्व्ह आणि चालू प्रकल्प, झालेलं काम बाहेरच्या डिस्कवर.

बोर्डाचं मॅन्युअल वाचा. काही बोर्डांवर एम.२ भरला की साटाची (हार्ड डिस्क जोडायची) दोन पोर्ट बंद होतात, आणि मग डिस्क दिसत नाही म्हणून लोक रात्रभर शोधत बसतात.

नमनवेडा | २३ डिसेंबर २०२५

मंडळी, उशीर झाला त्याबद्दल माफ करा. कॉपीला तीन रात्री लागल्या.

दोन्ही मृदंगवादकांची सगळी फुटेज सुखरूप निघाली. पहिल्या रात्रीच ती कॉपी झाली, आणि ती उघडून, शेवटपर्यंत ऐकूनच मी झोपलो. एकूण तीन फायली अडल्या. त्यांपैकी एक दुसऱ्या दिवशी निघाली, दोन गेल्या, पण त्या नमनाचं दुसऱ्या मोबाईलवरचं रेकॉर्डिंग गावातल्या एका मुलाकडे आहे. एक प्रत शाळेच्या तिजोरीत मुख्याध्यापकांच्या परवानगीने ठेवली.

एसएसडी आली. बसवायला गेलो तर एम.२चा बारका स्क्रूच नाही. २०१९चा बोर्डाचा खोका माळ्यावरून काढला, त्यात मॅन्युअल, साटाच्या केबली, मागची पत्र्याची पट्टी सगळं होतं, फक्त स्क्रूची पुडी नव्हती. एसएसडी स्लॉटमध्ये तिरकी घातली की तिचं दुसरं टोक वर उचललेलं राहतं, स्क्रूशिवाय ती आडवी बसत नाही. बाजारपेठेत एक लॅपटॉप दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांनी गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीतून चिमट्याने दोन स्क्रू काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत. कुणी एसएसडी घेणार असाल तर आधी स्क्रू आहे का ते बघा.

यूपीएसवर ठेवून बायॉस अपडेट केला, एफटीपीएम सुरू केला आणि विंडोज ११ कुठलीही तक्रार न करता बसलं. तपासणीत सगळ्या हिरव्या खुणा. मोडीत काढायला सांगितलेलं मशीन आता वीस सेकंदांत सुरू होतं. पंचगंगाताई, तुमचे मनापासून आभार.

रॅमची स्टिक रत्नागिरीतून मिळाली. लावल्यावर स्क्रीनच येईना. काढली तर तिच्या सोनेरी दातांवर काळसर डाग होते.

कोकणकडा | २३ डिसेंबर २०२५

सर, ते आपल्या खाऱ्या दमट हवेचं काम. पांढरा मऊ खोडरबर घ्या, दातांवरून एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा, भुसा झटकून टाका आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. स्लॉटमध्ये ब्रश मारा. वाळल्यावर दोन्ही बाजूंचा खटका वाजेपर्यंत दाबून बसवा.

आणि पावसाळ्यात मशीन प्लास्टिकने झाकून ठेवू नका, आत ओल कोंडते. काम नसलं तरी रोज अर्धा तास चालू ठेवा. आतल्या उबेने ओल धरत नाही.

नमनवेडा | २४ डिसेंबर २०२५

खोडरबराने काम झालं. १६ जीबी दिसतेय, मेमटेस्ट रात्रभर चालला, एकही एरर नाही.

आता पुन्हा तेच आकडे घेतले. डिस्क ५ टक्के. रॅम १६ पैकी ११. रिझॉल्व्ह पंचवीस सेकंदांत उघडतं. पण सीपीयू आता ८० टक्क्यांपर्यंत जातो, तापमान ८८ आणि पंखा किंचाळतो. जीपीयू मेमरी अजून भरलेलीच. आता ५६०० घ्यावा का?

खटपट्या | २४ डिसेंबर २०२५

एवढ्यात नको. आधी डिस्क अडत होती म्हणून प्रोसेसरला कामच पोचत नव्हतं, आता पोचतंय. ८० टक्के म्हणजे तो काम करतोय, ती तक्रार नव्हे. पण ८८ अंश जास्त आहे. २६००ची मर्यादा ९५ आहे आणि तुमच्याकडे डिसेंबरात ८८, मग मे महिन्यात काय होईल? सहा वर्षांत थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असणार. पेस्ट बदला.

हे काम नीट वाचून करा, कारण एएम४वर एक धोका आहे. या प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, एकूण १३३१. वाळलेल्या पेस्टमुळे कूलर प्रोसेसरला घट्ट चिकटतो आणि सरळ वर ओढला की सॉकेटची कडी लावलेली असतानाच प्रोसेसर पिनांसकट उपटून हातात येतो. म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं रेंडर लावून मशीन चांगलं गरम करा. मग बंद करा, वायर काढा आणि लगेच कूलरचे चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. कूलर ओढायचा नाही. बरणीचं झाकण फिरवतो तसा डावीकडे-उजवीकडे हलका फिरवा. सुटल्याचं हाताला कळतं, मग उचला.

जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा, नवीन पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी मध्यभागी ठेवा, पसरवत बसू नका. कूलर दाबला की ती आपोआप पसरते. स्क्रू पुन्हा तिरक्या क्रमानेच आवळा. २६००बरोबर येणाऱ्या कूलरची मागची पट्टी स्क्रू काढले की सुटून खाली पडते, तेव्हा मशीन आडवं ठेवा आणि मागून हात धरा.

ठाणेकर_८२ | २६ डिसेंबर २०२५

प्रोसेसरवरचा भार कमी करायचा एक बिनपैशाचा उपाय आहे, प्रॉक्सी. रिझॉल्व्हला क्लिपच्या हलक्या प्रती बनवायला सांगा, रात्री लावून झोपा. एडिटिंग त्या प्रतींवर करायचं, शेवटचं रेंडर मूळ ४के फायलींवरून होतं, दर्जाला धक्का लागत नाही. मोबाईलची एचईव्हीसी फाईल साठवायला छान असते, पण एडिटिंगला जड. एक फ्रेम दाखवायला तिला आजूबाजूच्या कित्येक फ्रेम सोडवाव्या लागतात.

मेमरी भरते त्याला मात्र कार्डच बदलावं लागेल. ४केला रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन लावलं की ८ जीबीचं कार्डसुद्धा कमी पडू शकतं. तुमची नमनं रात्रीची, उजेड कमी, म्हणजे नॉइज रिडक्शन लागणारच. म्हणून माझं मत नवीन ८ जीबीच्या ४०६०पेक्षा सेकंडहँड आरटीएक्स ३०६० १२ जीबीला. गेम खेळायला विचारलं असतंत तर उलट सांगितलं असतं. रॅडिऑनचं आरएक्स ६६०० वीज कमी खातं, किंमतही बरी, पण तेही ८ जीबीच.

लॅमिंग्टनवाला | २६ डिसेंबर २०२५

३०६०ला पूर्ण अनुमोदन. पण नीट बघून. ३०६० नावाने ८ जीबीचंही कार्ड निघालं होतं, ते नको. कार्ड विकणाऱ्याच्या मशीनमध्ये लावून जीपीयू-झेड उघडा आणि मेमरी १२ जीबी, १९२ बिट आहे का ते बघा. दुसऱ्याच जुन्या कार्डाचा बायॉस बदलून ३०६० म्हणून विकणारेही आहेत.

२०२१-२२मधली बरीच कार्डं क्रिप्टो चलनाच्या मायनिंगला राबलेली आहेत. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि ती बाजारात उतरली. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही. पण त्यांचे पंखे आणि थर्मल पॅड थकलेले असतात. पंखा बोटाने फिरवा, खरखर करत थांबला तर भाव पाडा. अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून समोर बसून राहा. सिरीयल नंबरचा स्टिकर आहे का, बिल आहे का, वॉरंटी उरली आहे का, हे पैसे देण्याआधी. घाईत असलेला विकणारा अर्धा तास द्यायला तयार नसेल तर उठून या.

पंचगंगा | २७ डिसेंबर २०२५

नवीन एसएमपीएस बसवताना एक कृपा करा. मोड्युलर असेल, म्हणजे केबली सुट्या लावायच्या असतील, तर त्याच्याबरोबर आलेल्याच केबली वापरा. दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाने एसएमपीएस बदलला आणि कॅबिनेटमधल्या जुन्या केबली नीट बांधलेल्या होत्या म्हणून त्याच नव्याला जोडल्या. खाच तंतोतंत बसली. बटण दाबलं आणि जळका वास आला. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेत किती व्होल्ट याचा एकच नियम नाही. दोन डिस्क गेल्या, त्यातल्या एकीवर आमच्या आजीचा आवाज होता.

नमनवेडा | २७ डिसेंबर २०२५

ताई, हे वाचून फार वाईट वाटलं. जुन्या केबली जुन्या एसएमपीएसबरोबरच बांधून ठेवतो, म्हणजे पुढे कुणाच्या हातून चूक व्हायला नको.

नमनवेडा | १८ जानेवारी २०२६

संक्रांतीच्या सुट्टीत मुंबईला जाऊन आलो. ३०६० १२ जीबी मिळालं, बिलासकट. विकणाऱ्या मुलाने स्वतःच अर्धा तास लोडवर चालवून दाखवलं, मी ६७ अंशांच्या वर गेलेलं पाहिलं नाही. ५५० वॉटचा एसएमपीएस तिथूनच नवीन घेतला. उचलल्यावर खटपट्यांनी सांगितलेला वजनाचा फरक खरोखरच हाताला कळला.

पेस्टचं काम आधीच केलं होतं. मशीन गरम केलं, स्क्रू तिरके सोडवले, कूलर फिरवला. पहिल्यांदा हललाच नाही, मी थांबलो. पुन्हा वीस मिनिटं मशीन चालवलं, दुसऱ्या खेपेला कुर्र असा बारीक आवाज येऊन सुटला आणि प्रोसेसर जागेवर राहिला. जुनी पेस्ट राखाडी पापुद्र्यासारखी निघाली. आता त्याच टाइमलाइनवर ७१ अंश.

नॉइज रिडक्शन लावून दोन ४के क्लिप एकावर एक ठेवल्या. मेमरी १२ पैकी ७.५. पूर्वी या ठिकाणी रिझॉल्व्ह बंद पडायचं. बाहेरच्या डिस्कसकट सगळा खर्च ३७ हजारांच्या आत बसला. प्रोसेसर तोच ठेवला.

एक अडचण उरलीय. यूपीएस ६०० व्हीएचा आहे. काल रेंडर चालू असताना वीज गेली आणि तो बीप करून तत्क्षणी बंद झाला.

खटपट्या | १८ जानेवारी २०२६

६०० व्हीएचे यूपीएस साधारण ३६० वॉटचे असतात. रेंडर करताना ३०६० एकटं १७० वॉटपर्यंत ओढतं, वर प्रोसेसर, वर मॉनिटर. त्यात बॅटरी जुनी असेल तर एवढा भार ती एकदम पेलत नाही. बॅटरीला तीन वर्षं झाली असतील तर आधी ती बदलून बघा. तरी टिकला नाही तर १००० व्हीएचा घ्या. मॉनिटर यूपीएसवर असू द्या, प्रिंटर आणि स्पीकर बाहेर काढा. आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग मोजून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते काम सगळ्यात आधी.

नमनवेडा | १ फेब्रुवारी २०२६

बॅटरी पाच वर्षांची निघाली. बदलली, आता रेंडर चालू असताना थोडा वेळ तग धरतो. अर्थिंगची पाटी गंजली होती, तीही नवीन करून घेतली.

काल २०१८च्या नमनाची गौळण पूर्ण एडिट केली. सगळं सुरळीत आहे, पण मोबाईलवर घेतलेल्या लांब क्लिपमध्ये शेवटाकडे मृदंगाची थाप आणि नाचणाऱ्याचं पाऊल जुळत नाही. सुरुवातीला बरोबर असतं, चाळिसाव्या मिनिटाला थाप मागे पडलेली ऐकू येते. हे मशीनमुळे आहे का?

ठाणेकर_८२ | १ फेब्रुवारी २०२६

मशीनमुळे नाही. मोबाईल एकसारख्या फ्रेमदराने रेकॉर्ड करत नाही, उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो दर खालीवर होतो, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर दर ठरलेला आहे असं धरून चालतं. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या टॅबमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडा, दर्जा वरचा ठेवा आणि त्या नवीन फाईलवर एडिट करा. मूळ फाईल मात्र पुसू नका.

यंदाच्या शिमग्यात आवाज वेगळ्या छोट्या रेकॉर्डरवर घ्या आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. टाळीच्या ठिकाणी दोन्ही जुळवायला सोपं जातं.

नमनवेडा | १ फेब्रुवारी २०२६

आज रात्री चाळीस मिनिटांची ती क्लिप हँडब्रेकला लावतो. सकाळी शाळेत जाण्याआधी शेवटची पाच मिनिटं ऐकून इथे कळवतो.